हिंकलबाईंचं घर, दहा आठवड्यांसाठी

"ती बेल बंद आहे. अशाच वाजवत राहिलात तर एप्रिल उजाडेल."

मी मागे वळून पाहिलं. पायऱ्यांखाली एक पोस्टमन उभा होता. खांद्याला पिशवी, कान झाकणारी टोपी, बर्फावर घसरू नये म्हणून बुटांना लावलेले खिळे... आणि भुवयांवर पिठासारखा साचलेला भुरभुरीत बर्फ. तो हसत नव्हता, पण हसू कुठेतरी जवळपासच होतं.

जानेवारीतला शुक्रवार होता. फोर्ट वेन शहरातल्या त्या गल्लीत मी 'वरचा मजला भाड्याने' ही पाटी वाचून पाच मिनिटं थंडीत उभी होते. तो म्हणाला, वरचा मजला नाताळच्या आधीच गेला. मालकांनी पाटी काढलेली नाही, एवढंच. मग त्याने दोन पाकिटं पेटीत टाकली आणि वळला.

"थांबा," मी म्हणाले. "तुम्ही हा सगळा भाग रोज पायी फिरता ना? मग कुठलं घर रिकामं आहे ते तुम्हाला माहीत असेल. मला फक्त दहा आठवड्यांसाठी हवंय."

त्याने पिशवीचं झाकण हळूच बंद केलं. जणू मी आत डोकावतेय...

"माहीत असतं," तो म्हणाला. "पण सांगता येत नाही."

"का?"

"कोण कधी गावाला जातं, कुणाच्या घरात कुणी नसतं, हे लोक मला विश्वासाने सांगतात. ते माझं नाही. माझ्याकडे ठेवायला दिलेलं आहे."

इतकं साधं बोलला की रागावताही येईना. तरी मी थोडी रागावलेच, कारण माझ्या पायांची बोटं बधिर झाली होती.

माझं नाव मॅरिट ऑस्टबी. मी ड्युलूथची. चर्चमधले जुने ऑर्गन दुरुस्त करणं हा माझा धंदा. नळ्या उतरवायच्या, त्यांच्या आतल्या पितळी जिभा घासायच्या, आणि शेवटी एकेक नळी सुरात आणायची. सहा वर्षं मी अशीच जगत होते. इथे दहा आठवडे, तिथे चौदा, आणि मग गाडीत सामान भरून पुढचं गाव. या कामात हत्यारं बदलता येतात, कान बदलता येत नाहीत. आणि कंपनीने मला ज्या हायवेकाठच्या मोटेलात ठेवलं होतं, तिथला हीटर रात्रभर काळी पाचच्या जरासा खाली सूर धरून गुणगुणायचा. सकाळी चर्चमध्ये गेले की तोच सूर माझ्या डोक्यात, आणि समोरची प्रत्येक नळी बेसूर.

म्हणून मी घर शोधत होते. मोठ्या इमारतींच्या कचेऱ्यांमधल्या बायका फार गोड होत्या. कॉफी द्यायच्या, पोहण्याचा तलाव दाखवायच्या. मी 'दहा आठवडे' म्हटलं की त्यांचं हसू बटण दाबल्यासारखं विझायचं. बारा महिन्यांच्या खाली कुणी बोलायला तयार नाही. जे तयार होते, त्यातल्या एका खोलीच्या खिडकीखालून मालगाडी जात होती. दुसऱ्या ठिकाणी शेजाऱ्यांचा कुत्रा होता, आणि तो त्याच मालगाडीच्या दुःखाने रात्रभर रडायचा.

सोमवारी चर्चमध्ये काम अडलं. नळ्या सुरात लावताना दोन माणसं लागतात. एक आत, नळ्यांच्या जंगलात. दुसरं बाहेर, पट्टी दाबून धरायला. माझा जोडीदार हार्लन पाठ धरल्यामुळे घरीच होता. चर्चच्या कचेरीतली बाई मदतीला बसली, पण दर पाच मिनिटांनी तिचा फोन वाजायचा.

पावणेबाराला बाहेरच्या फरशीवर खिळ्यांचा चिक-चिक आवाज आला आणि थांबला. कुणीतरी दारात बूट काढत होतं. मग मोज्यांनिशी, हातात पत्रांचा गठ्ठा घेऊन, तो आत आला.

"घर मिळालं?" त्याने विचारलं.

"तुम्ही कुठे मिळू देताय?" मी नळ्यांमधून डोकं बाहेर काढून म्हणाले. माझ्या केसांत शंभर वर्षांची धूळ असावी, कारण तो माझ्या कपाळाच्या वरच बघत होता.

मी विचारलं, जेवणाच्या सुट्टीतली वीस मिनिटं द्याल का? नुसती पट्टी दाबून धरायची. त्याने घड्याळ पाहिलं, पिशवी बाकावर ठेवली आणि परीक्षेला बसावं तसा ताठ बसला.

"पुढची," मी आतून म्हणायची, आणि तो पुढची पट्टी दाबायचा. आम्ही एकमेकांना दिसत नव्हतो. मध्ये नळ्यांची भिंत होती, आणि त्या भिंतीतून त्याचा आवाज येत होता. त्याचं नाव वेंडल गेर्डिंग. नऊ वर्षं हेच रस्ते, रोज अकरा मैल. कुत्री सगळी ओळखीची, माणसंही बहुतेक.

"तुम्ही नक्की काय ऐकता?" त्याने विचारलं.

"दोन सूर जवळ आले की आधी भांडतात. मध्ये एक थरथर ऐकू येते... तुम्हाला येतेय?"

तो पुढे झुकल्याचा आवाज आला. "येतेय."

मी नळीतल्या जिभेला दाबून धरणाऱ्या तारेला हलकेच टिचकी मारली. थरथर मंदावली, आणखी मंदावली... आणि पाण्यावरचा तरंग विरावा तशी विरून गेली.

"आणि आता?" तो हळू आवाजात म्हणाला.

"आता पुढची पट्टी."

तो हसला. तो हसतो कसा हे मी पाहिलं नव्हतं, आधी ऐकलं. जरा खर्जातलं, आणि सुरात.

मंगळवारी तो आला. बुधवारी दोन सँडविच घेऊन आला. बुधवारीच कधीतरी आमच्यातलं अहो-जाहो गळून पडलं, आणि एवढे तयार कान असूनही ते पडल्याचा आवाज मला आला नाही. निघताना तो बुटांचे पट्टे बांधत खाली बघूनच बोलला.

"घराबद्दल मी काही सांगू शकत नाही."

"ठाऊक आहे."

"पण गुरुवारी संध्याकाळी इथे तळघरात पत्ते असतात. पत्ते खेळताना लोक आपापलं बोलतात. तुला यूकर येतो?"

"ड्युलूथमध्ये आम्ही क्रिबेज खेळतो."

"म्हणजे येत नाही," तो म्हणाला, आणि खूश झाल्यासारखा दिसला.

गुरुवारी पाचला तळघरात दहा-बारा टेबलं मांडलेली. चिलीचं, म्हणजे खिमा-राजम्याच्या तिखट रश्श्याचं, मोठं पातेलं, मक्याचा कॉर्नब्रेड, आणि ओव्हरकोटांचा ओला वास. यूकर चोवीस पत्त्यांचा आणि समोरासमोर बसणाऱ्या जोड्यांचा खेळ. जोडीदाराला खूण करायची नाही, हातातल्या पानांबद्दल बोलायचं नाही. त्याच्या पानावरून त्याचं मन ओळखायचं. बदाम हुकूम असेल तर बदामाचा गुलाम सर्वांत मोठा आणि चौकटचा गुलामही त्या डावापुरता बदामच. एवढं वेंडलने मला रांगेत उभ्या उभ्या शिकवलं, आणि मी लगेच विसरले.

माझी जोडीदार बर्निस हिंकल. वय शहात्तर, पाठ ताठ, चौतीस वर्षं शाळेची बस चालवलेली. त्यांच्या नजरेला नजर दिली की आपण मागच्या बाकावर दंगा करताना पकडले गेलो आहोत असं वाटायचं. माझ्या डाव्या हाताला वेंडल, उजव्या हाताला त्याचा जोडीदार ऑर्व्हल, हा एक निवृत्त सुतार.

दुसऱ्या डावात हिंकलबाई ऑर्व्हलला सांगू लागल्या की शनिवारी त्या फ्लोरिडाला बहिणीकडे निघणार, ते ईस्टरनंतरच परतणार. जिवाला घोर एकच... घरातले नळ. मागच्या थंडीत घर बंद होतं आणि स्वयंपाकघरातला पाइप गोठून फुटला. कुणीतरी रोज थेंबभर नळ चालू ठेवला असता तर...

"मी राहीन तुमच्या घरी," मी म्हणाले. तोंडातून निघूनच गेलं. "मला दहा आठवडे जागा हवीच आहे. भाडंही देईन, नळही बघेन."

हिंकलबाईंनी हातातले पत्ते पालथे ठेवले. त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही, वेंडलकडे पाहिलं.

"वेंडल, काल मी टपाल बहिणीच्या पत्त्यावर वळवायचा कागद तुझ्या हातात दिला. आणि आज तू ही मुलगी आणून माझ्यासमोर बसवलीस."

वेंडलचे कान लाल झाले. ऑर्व्हलने खोकल्यासारखं केलं. शेजारच्या टेबलावरचं बोलणंही थांबलं. बाईंनी एक तक्रार केली असती तर त्याचे ते अकरा मैल गेले असते. पण त्याच्या चेहऱ्यावर ती भीती नव्हती. त्याला लाज वाटत होती.

"मी तिला पत्ते खेळायला आणलं, मिसेस हिंकल," एवढंच तो म्हणाला.

तो स्वतःची बाजू मांडणार नाही हे मला दिसत होतं. मग मीच मांडली. शुक्रवारची बंद बेल सांगितली, माझी बधिर बोटं सांगितली, मी किती विनवलं ते जरा वाढवून सांगितलं. "तुमच्या या माणसाने मला बर्फात उभं ठेवलं," मी म्हणाले, "पण एकाही घराचं नाव काढलं नाही. मी अजून रागावलेय त्याच्यावर."

बाईंनी पत्ते पुन्हा उचलले.

"माझ्या शेजारणीला दर आठवड्याला एक खोकं येतं," त्या म्हणाल्या. "त्यात काय असतं हे मी याला नऊ वर्षं विचारतेय. मेला सांगत नाही. उद्या दुपारी घर बघायला ये, पोरी. आता पान टाक."

बाहेर पडल्यावर गाडीपर्यंत तो माझ्यासोबत आला. मी त्याची खोडी काढत विचारलं, की तुला माहीत होतं ना, हिंकलबाई कुठल्या टेबलावर बसतात? तो हसला नाही.

"माहीत होतं," तो म्हणाला. "मी सांगितलं काहीच नाही, हे खरं. पण तुला तिथे नेलं, हेही खरंच. आज पहिल्यांदा काहीतरी चोरल्यासारखं वाटतंय."

तो "बरंय" म्हणून निघून गेला.

हिंकलबाईंचं घर चर्चपासून चार गल्ल्यांवर. मी स्वयंपाकघराच्या मधोमध डोळे मिटून उभी राहिले. बाईंना वाटलं, मी प्रार्थना करतेय. मी ऐकत होते. फ्रिज जुना होता, पण शांत. खिडकीबाहेर बर्फ होता, आणि बर्फाखाली सगळा रस्ता गप्प. सहा वर्षांत मी इतक्या शांत घरात झोपले नव्हते.

घर मिळालं... आणि वेंडल गेला.

म्हणजे गेला कुठेच नाही. रोज एकच्या सुमाराला तो याच रस्त्याने जायचा आणि मी त्याच वेळी जेवायला घरी यायची. पण हिंकलबाईंचं टपाल फ्लोरिडाला चाललेलं. या घराची पायरी चढायचं त्याला कारणच नव्हतं. तो शेजारी चढायचा, पलीकडे चढायचा, आणि मधल्या माझ्या दारावरून हात वर करून पुढे. चर्चमध्येही हार्लन परतला होता. पट्ट्या आता तो दाबायचा आणि वेंडल कचेरीत पत्रं ठेवून बाहेरच्या बाहेर वळायचा. गुरुवारी तो ऑर्व्हलबरोबर दूरच्या टेबलावर बसू लागला. माझी सोबत जणू त्याने चोरून मिळवली होती, आणि ती वापरायची नाही असं त्याने ठरवलं होतं.

एवढं मला कळत होतं. पण कळून काय करायचं? मी त्याच्या मागे धावत रस्त्यावर जाऊ?

मग एक युक्ती सुचली. औषधांच्या दुकानातून इथल्याच तीन नद्यांच्या संगमाचं चित्र असलेली पोस्टकार्डं घेतली. एका कार्डावर पत्ता माझाच घातला आणि मजकूर वेंडलसाठी. पोस्टकार्ड तर उघडंच असतं, कुणीही वाचावं. कोपऱ्यावरच्या पेटीत ते टाकलं. दोन दिवसांनी तो पायऱ्या चढला, खिडकीत मला पाहून हात वर केला, कार्ड टाकलं... आणि गेला.

दुसरं कार्ड लिहिलं. तसंच. तिसरं लिहिलं. या वेळी त्याने हातही जरा कमीच वर केला.

मग मी थांबले. माणूस सभ्य आहे, नाही म्हणायची त्याची ही रीत, असं मनाशी म्हटलं. चौथं कार्ड लिहून झालं होतं, ते पेटीत न टाकता ब्रेडच्या डब्याखाली सरकवून ठेवलं. फेब्रुवारी गेला. वळचणींना लटकलेले बर्फाचे सुळे ठिबकायला लागले. चर्चमधल्या नळ्या एकेक करून सुरात येत गेल्या आणि मला प्रथमच एखादं काम संपत आल्याचा राग आला.

मार्चच्या मध्यावर, एका दुपारी दाराची बेल वाजली.

"सही लागेल," वेंडल म्हणाला. त्याच्या हातात माझ्या कंपनीचं जाड पाकीट होतं. पायऱ्यांवरचा बर्फ वितळला होता; त्याच्या बुटांना आज खिळे नव्हते, म्हणून मला चाहूल लागली नव्हती.

मी सही केली. त्याने पेन परत घ्यायला हात पुढे केला. मी पेन दिलं नाही.

"वेंडल, ती कार्डं..."

"कोणती?"

"तीन कार्डं. तू या पेटीत टाकलेली."

"टाकली," तो म्हणाला. "का? ओली झाली होती का?"

"वाचली नाहीस?"

त्याच्या चेहऱ्यावर खरोखरचं दुखावलेपण आलं. "तुझ्या नावाची होती."

"पण पोस्टकार्ड उघडं असतं—"

"म्हणून तर चित्र वर ठेवून टाकायचं." तो क्षणभर थांबला. "चित्र पाहिलं. तिन्ही वेळा आपल्याच नद्या. शिक्काही इथलाच. वाटलं, इथलंच कुणीतरी तुला लिहितंय. कोण, ते विचारणं माझं काम नाही."

"अक्षर पाहिलंस?"

"पत्ता बघताना दिसतंच." तो पिशवीच्या पट्ट्याशी चाळा करत राहिला. "सुंदर होतं. म्हणून जास्तच वाईट वाटलं."

मला हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी यायला लागलं, तेव्हा मी आत पळाले. परतले तेव्हा तो पेन मिळेपर्यंत हलता येत नसल्यासारखा तिथेच उभा होता. माझ्या हातात चार कार्डं होती.

"ऐक," मी म्हणाले. "पहिलं. 'घेवड्याचं सूप फार झालंय. रविवारी दुपारी कुणी आलं तर बरं होईल. त्याने खिळ्याचे बूट घातले तरी चालतील.'"

त्याने पिशवी खाली पायरीवर ठेवली.

"दुसरं. 'सूप मीच संपवलं. कॉर्नब्रेड आहे. घरात इतकी शांतता आहे की कुणी बोललं तर मला चालेल.' तिसरं. 'निदान पत्ते शिकवायला तरी यावं. बर्निसबाई परत येतील तेव्हा मी त्यांच्यासमोर काय तोंड घेऊन बसू?'"

"तो रविवार," वेंडल सावकाश म्हणाला, "मी घरी गॅरेज आवरत बसलो होतो. तिन्ही रविवार."

"चौथं टाकलं नाही," मी म्हणाले. आवाज जरा हलला. दोन सुरांमधली ती थरथर... तीच. "'वेंडल, सहा वर्षं मी कुठेही थोडेच दिवस असते आणि निघताना मागे वळून बघत नाही. इथून निघताना बघणार आहे. मला तू आवडतोस. हे कार्ड कुणी वाचू नये, फक्त तू वाचावंस.'"

मी कार्ड त्याच्यापुढे धरलं. या वेळी मजकूर वर होता. त्याने ते घेतलं, आणि मी नुकतंच वाचून दाखवलेलं सगळं पुन्हा एकदा, अक्षर अक्षर करत, स्वतः वाचलं. मग खिशात ठेवलं. पिशवीत नाही, छातीवरच्या खिशात.

"त्या पाकिटात काय आहे?" त्याने विचारलं. "विचारलं तर चालेल ना?"

मी पाकीट फोडलं. पुढचं काम. डेव्हनपोर्ट, एप्रिलच्या पहिल्या सोमवारपासून, चौदा आठवडे. पाच तासांच्या अंतरावर. मी ते मोठ्याने वाचलं आणि वाचून झाल्यावर वर बघायचा धीर होईना.

तो रस्त्याकडे बघत होता. मनातल्या मनात काहीतरी गणित मांडत होता, हे माझ्या तेव्हा लक्षात आलं नाही.

"मलाही तू आवडतेस," तो म्हणाला. "त्या पहिल्या थरथरीपासून. तू म्हणालीस 'आता पुढची पट्टी', आणि मला वाटलं, नको, हीच राहू दे..." तो थांबला, मग नेहमीच्या आवाजात म्हणाला, "शनिवारी मी तीनला सुटतो. पाच तास म्हणजे आठ वाजतील. पण शिकागोच्या अलीकडे घड्याळ एक तास मागे जातं. तुझ्याकडे सातच वाजलेले असतील. जेवायच्या वेळेला पोचेन."

"आणि रविवारी परत येताना तो तास द्यावा लागेल."

"देईन," तो म्हणाला.

त्याने उजव्या हाताचा मोजा दातांनी ओढून काढला आणि माझा हात हातात घेतला. त्याचा हात थंड होता, शाईचा आणि कागदाचा वास येणारा. समोरच्या घरातला पडदा जरासा हलला. वळचणीवरून पाणी ठिबकत होतं, आणि ते कुठल्या सुरात ठिबकतंय हे मी, आयुष्यात पहिल्यांदा, ऐकलं नाही.

त्या दिवशी पुढच्या चार गल्ल्यांना टपाल अर्धा तास उशिरा मिळालं. का, हे त्याने कुणालाही सांगितलं नाही.